तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि पडणं टाळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठीपुढच्या मंडळींकडून आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा न सांगता तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी रोज तासभर चालतो. वेगळे व्यायाम करायची गरज आहे का?

आहे. चालणं हृदयाला, साखरेला, मनाला चांगलंच. पण नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं असं अभ्यासांत स्पष्ट दिसलेलं नाही. वैद्यकीय अभ्यासांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात तोलाचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळलं. त्यांना ताकदीच्या व्यायामांची जोड दिली तेव्हा ही घट सुमारे ३४ टक्क्यांपर्यंत गेली.

सपाट रस्त्यावर सरळ चालताना तोलाची फारशी परीक्षा होतच नाही. ती होते वळताना, वरच्या फळीवरचं काही काढताना, घाईने उठताना, पाय कशाला तरी अडकल्यावर. चालणं सोडू नका, पण त्याला या व्यायामांचा पर्याय समजू नका. तोल आधीच डळमळीत असेल तर भरभर चालणं एकदम सुरू करू नये. आधी काही आठवडे प्र. ५ मधले व्यायाम.

२. वय झालं की तोल जायचाच. त्यावर व्यायाम काय करणार?

बरंच काही. डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव आणि तळपाय-घोट्यांमधून येणारी जाणीव या तिघांची माहिती मेंदू जुळवतो आणि पायांचे स्नायू त्यावर कृती करतात. वयाबरोबर सगळंच थोडं मंदावतं, पण स्नायूंचा झटपट जोर लावण्याचा गुण साध्या ताकदीपेक्षाही लवकर कमी होतो. अडखळल्यावर पाऊल पुढे टाकायला क्षणभरच मिळतो, तिथे हाच गुण लागतो. सरावाने तो ऐंशीतही सुधारतो.

३. माझा तोल ठीक आहे की नाही हे घरी कसं तपासायचं?

तीन चाचण्या पुरेत. शेजारी कुणाला तरी उभं करा आणि ओटा किंवा भक्कम टेबल हाताशी ठेवा.

पहिली, उभं राहण्याची. चार प्रकारे पाय ठेवून प्रत्येकी १० सेकंद: पावलं जोडून, मागच्या पायाचा अंगठा पुढच्या पावलाच्या कमानीला टेकवून, टाचेला चवडा लावून एका रेषेत, आणि शेवटी एका पायावर. तिसरा प्रकार १० सेकंद जमत नसेल तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असं समजतात.

दुसरी, खुर्चीची. सुमारे ४३ सेंमी उंचीच्या खुर्चीत बसा, हात छातीवर घडी घालून. ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयात स्त्रियांचे १० पेक्षा आणि पुरुषांचे १२ पेक्षा कमी भरले तर पायांची ताकद सरासरीहून कमी आहे. हात टेकावे लागले तर गुण शून्य, आणि वाईट वाटून घ्यायचं कारण नाही; सुरुवात कुठून करायची ते कळलं.

तिसरी, चालण्याची. खुर्चीतून उठा, ३ मीटर नेहमीच्या वेगाने चाला, वळा, परत येऊन बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर तेही धोक्याचं लक्षण. इथे आकड्याइतकंच वळणं पाहा. चार-पाच छोटी पावलं टाकत, चाचपडत वळणाऱ्याचा आकडा चांगला आला तरी फसू नये.

४. व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं का?

धडधाकट असाल तर प्र. ५ मधली सुरुवातीची पायरी विचारल्याशिवाय करता येते. पण वर्षभरात दोनदा किंवा अधिक वेळा पडला असाल, पडताना शुद्ध हरपली असेल, चक्कर नव्याने सुरू झाली असेल, छातीत दुखत किंवा थोड्याशा श्रमाने धाप लागत असेल, अलीकडे फ्रॅक्चर वा शस्त्रक्रिया झाली असेल, तर आधी डॉक्टर आणि मग फिजिओथेरपिस्ट. खुब्याचा सांधा बदललेल्यांना काही हालचाली काही काळ वर्ज्य असतात. त्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडूनच विचारून घ्या.

५. सुरुवात नेमकी कोणत्या व्यायामांनी करू?

जागा आधी. ओट्यासमोर उभे राहा, मागे एक जड, बिनचाकाची खुर्ची ठेवा. जमीन कोरडी, पायपुसणं बाजूला, पायात मागून बंद असलेले बूट. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर कधीच नाही.

खुर्चीतून उठणं-बसणं हा यातला सगळ्यात कामाचा व्यायाम, आणि चुकाही यातच जास्त होतात. खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरका. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. छाती पुढे झुकवा, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत, आणि मगच जोर लावा. बहुतेक लोक पाठ ताठ ठेवून सरळ वर उठायला जातात, वजन टाचांच्या मागेच राहतं आणि ते धप्पकन परत बसतात. त्यांना वाटतं पायात जोर नाही; खरं तर झुकणंच अपुरं असतं. उठून एक श्वास थांबा. बसताना मनात तीन आकडे मोजत खाली या. हे सावकाश बसणंच मांड्यांना खरं कामाला लावतं. १० वेळा, एक मिनिट विश्रांती, पुन्हा १०.

टाचा उचलणं: ओटा धरून चवड्यांवर उंच व्हा, दोन सेकंद थांबा, हळू खाली या. वजन अंगठ्याच्या बाजूला ठेवा. करंगळीकडे गेलं तर घोटा मुरगळतो. मग उलट, टाचांवर राहून चवडे उचला. चालताना बोटं अडकून ठेच लागणाऱ्यांनी हा दुसरा भाग टाळू नये. दोन्ही १०-१० वेळा, दोन फेऱ्या.

पाय बाजूला उचलणं: पाऊल समोर रोखलेलं, धड सरळ, पाय बाजूला साधारण वीतभर. धड दुसऱ्या बाजूला कलंडत असेल तर पाय जास्त वर जातोय. प्रत्येक पायाने १०.

तोलासाठी: टाचेला चवडा लावून १० सेकंद उभं राहणं, मग पाय बदलून. ओट्याच्या कडेने आडवं चालणं, १० पावलं जाणं आणि १० येणं. हे सहज जमायला लागलं की एका पायावर उभं राहणं, एका रेषेत चालणं, मागे चालणं, इंग्रजी आठच्या आकारात वळणं, जमिनीवर ठेवलेल्या जाड पुस्तकावरून पाय टाकणं.

सगळं एकदम सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात यातले तीन-चार प्रकार खूप झाले.

६. आठवड्यातून किती वेळा, आणि फरक कधी दिसेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ६५ च्या पुढे तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात तयार झालेल्या, घरी करायच्या कार्यक्रमाचं मापही तेच: आठवड्यातून तीनदा सुमारे ३० मिनिटं, शिवाय दोनदा चालणं. हळूहळू आठवड्याला एकूण तीन तासांपर्यंत गेलात तर फायदा अधिक.

३० मिनिटं सलग हवीत असं नाही. दहा-दहाचे तीन तुकडे चालतात. ताकदीच्या व्यायामांमध्ये एक दिवस सोडा, तोलाचा सराव रोज केला तरी हरकत नाही. पोटभर जेवण झाल्यावर तासभर तरी टाळा, कारण या वयात जेवणानंतर रक्तदाब खाली येणं बरंच आढळतं.

खुर्चीतून उठणं सोपं झाल्याचं सहा ते आठ आठवड्यांत जाणवतं. पडण्याचं प्रमाण कमी व्हायला काही महिने लागतात. आणि सोडलं की कमावलेलंही काही महिन्यांत ओसरतं. आजारपणाने खंड पडला तर जिथे थांबला होता त्याच्या एक पायरी खालून सुरू करा.

७. धरूनच केलं तर चालेल ना? हात सोडायची भीती वाटते.

सुरुवातीला धरूनच करा. पण कायम घट्ट धरून केलेला तोलाचा व्यायाम हा हातांचा व्यायाम होतो. तोल थोडा जावा लागतो, मगच शरीर तो सावरायला शिकतं. या प्रकरणातलं सगळ्यात जास्त दुर्लक्षित कलम हेच: माणसं वर्षभर नेमाने व्यायाम करतात आणि पहिल्याच पायरीवर राहतात.

आधार पायरीपायरीने कमी करा. दोन्ही हात ओट्यावर. मग एक हात. मग फक्त बोटांची टोकं. मग हात ओट्याच्या वर चार बोटं अधांतरी, पटकन टेकता येतील असे. एखादी पायरी लागोपाठ तीन दिवस १० सेकंद न हलता जमली की पुढची. योग्य अवघडपणाची खूण अशी: घोटे सतत बारीक हलताहेत, पण ३० सेकंदांत एकदा-दोनदापेक्षा जास्त वेळा हात टेकावा लागत नाही. अजिबात हलत नसाल तर फार सोपं. सारखेच टेकत असाल तर फार अवघड.

हात सुटल्यावर पुढचे बदल: मान सावकाश डावी-उजवीकडे वळवणं, उभ्या-उभ्या शंभरातून तीन-तीन वजा करणं, हातात रिकामा पेला धरणं. बोलता-बोलता ज्यांना चालायचं थांबावं लागतं त्यांना अशा दुहेरी कामाचा सराव विशेष हवा. डोळे मिटून करणं सगळ्यात शेवटी, आणि एकट्याने नाही.

८. व्यायाम करतानाच पडलो तर? सोबतच्याने कसं सांभाळायचं?

भिंतींचा कोपरा ही सर्वांत सुरक्षित जागा. कोपऱ्याकडे पाठ, समोर जड खुर्ची. कुठेही तोल गेला तरी काहीतरी आहे. टॉवेलची दांडी, दाराची मूठ, चाकाची खुर्ची, हलकी प्लास्टिकची खुर्ची यांच्या भरवशावर राहू नका.

मदतनीस बऱ्याचदा समोर उभे राहून दोन्ही हात धरतात. त्याने माणूस पुढे ओढला जातो आणि पावलांकडे बघायला लागतो. तुम्ही किंचित मागे आणि कमजोर बाजूला उभे राहा, एक हात कमरेच्या पट्ट्याजवळ ठेवा, पण धरू नका. दंड पकडून ओढणं तर नकोच. खांद्याला इजा होते आणि तोलही सावरत नाही.

९. गुडघे इतके दुखतात की खुर्चीतून हात न टेकता उठताच येत नाही.

मग खुर्ची उंच करा. बसण्याच्या जागेवर घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवली की पाच-सात सेंमीने उंची वाढते आणि गुडघ्यावरचा ताण बराच उतरतो. हात टेकून उठा, पण बसताना हात न वापरता सावकाश बसा. दोन-तीन आठवड्यांनी घडी एकेक पदराने कमी करा.

दुखण्याचा हिशेब असा ठेवा: व्यायामानंतर मांडीत किंवा पोटरीत दोन दिवस अवघडलेपण राहणं ठीक. सांध्यातलं दुखणं २४ तासांनंतरही आधीपेक्षा जास्त असेल किंवा गुडघ्याला सूज आली, तर पुढच्या वेळी निम्मं करा. सगळं बंद करू नका.

१०. ताई ची किंवा योगासनं केली तर हे सगळं वगळता येईल का?

ताई ची हा सावकाश, सलग हालचालींचा चिनी व्यायामप्रकार नेमाने केल्यास पडण्याचं प्रमाण साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतं, त्यामुळे तो खरा पर्याय आहे. उभ्याने करायच्या योगासनांनी तोल सुधारतो, पण पडणं कमी होण्याबाबत ताई चीइतका भक्कम पुरावा त्यांच्यामागे नाही. बसून केलेला प्राणायाम किंवा स्नायू ताणण्याचे व्यायाम यांचा तोलाशी संबंध फार थोडा. दोन्हींबरोबर प्र. ५ मधलं उठणं-बसणं आणि टाचा उचलणं चालू ठेवा.

११. हाडं ठिसूळ झाली आहेत. व्यायाम धोक्याचा नाही का?

व्यायाम न करणं जास्त धोक्याचं, कारण अशा हाडांना पडणंच महागात पडतं. दोन गोष्टी टाळा: पाठीची कमान करून पुढे वाकणं (पाय सरळ ठेवून बोटांना हात लावणं, पोटासाठी पाठीवरून उठणं) आणि वाकलेल्या स्थितीत कंबर पिळणं. यांनी मणका दबू शकतो. प्र. ५ मधलं पुढे झुकणं खुब्यातून असतं, पाठ सरळ राहते, म्हणून ते चालतं. पाठीत अचानक एका जागी तीव्र कळ आली तर थांबा आणि तपासून घ्या.

१२. उठल्यावर भोवळ येते. हाही तोलाचाच प्रश्न का?

बहुधा रक्तदाबाचा. पाच मिनिटं पडून राहिल्यावर रक्तदाब मोजा, मग उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना आकडे दाखवा. तोवर पलंगावरून उठताना आधी बसा, पावलं वर-खाली वीसेक वेळा हलवा, मिनिटभर थांबा, मग उभं राहा, आणि लगेच चालू लागू नका.

कूस बदलताना किंवा मान वर करताना काही सेकंद खोली गरगरत असेल तर ते वेगळं. कानातले बारीक कण जागचे सरकल्याने तसं होतं आणि डॉक्टरांनी डोकं ठरावीक क्रमाने फिरवलं की बऱ्याचदा एक-दोन भेटींतच थांबतं. त्यासाठी महिनोन्‌महिने चक्करेच्या गोळ्या खात बसू नये; त्या गोळ्यांनी सुस्ती येते आणि तोल आणखी बिघडतो.

१३. गोळ्यांमुळे पडायला होतं का? आणि व्हिटॅमिन डी घेतलं तर?

होतं. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या यात आघाडीवर. नैराश्याची काही औषधं, रक्तदाबाची, लघवी वाढवणारी, प्रोस्टेटची काही, आणि सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या जुन्या गोळ्याही. सगळी औषधं, दुकानातून आपणहून आणलेलीसुद्धा, एका कागदावर वेळेसकट लिहून डॉक्टरांना दाखवा. मनाने बंद करू नका. झोपेच्या गोळ्या तर एकदम थांबवणं धोक्याचं, त्या टप्प्याटप्प्याने कमी करतात.

व्हिटॅमिन डी कमी असेल तर भरून काढा, पण ते व्यायामाची जागा घेत नाही. मोठा डोस तर उलटूही शकतो: २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात ज्या वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिले, त्यांच्यात पडणं आणि फ्रॅक्चर दोन्ही वाढले.

१४. मधुमेहाने तळपाय बधिर झालेत. मी कोणते व्यायाम करू?

प्र. ५ मधलेच, तीन बदल करून. उजेड भरपूर ठेवा, कारण पायांकडून कमी आलेली माहिती तुम्ही डोळ्यांनी भरून काढता. डोळे मिटून करायचे प्रकार पूर्ण वगळा. अनवाणी करू नका, आणि आधी-नंतर तळपाय पाहा: लालसर डाग, फोड, बुटात अडकलेला खडा. जखम असेल तर ती भरेपर्यंत उभ्याचे व्यायाम बंद, बसून पाय सरळ करणं चालू. इन्सुलिन घेत असाल तर साखर उतरल्याची थरथर आणि तोल जाणं यांत गल्लत होते. शंका आल्यास बसा आणि साखर तपासा.

१५. काठी कोणत्या हातात धरायची, आणि किती उंचीची?

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. काठी आणि दुखरा पाय एकत्र पुढे पडले पाहिजेत. उंचीसाठी बूट घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकतं. खूप उंच काठीने खांदा वर चढतो, बुटकीने माणूस वाकतो. खालचं रबर गुळगुळीत झालं की बदला. नवी काठी आणणारे खूप, रबर बघणारे थोडे.

१६. चष्म्याचा आणि चपलांचा खरंच इतका संबंध आहे?

आहे. दोन नंबरांच्या किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात खालचा भाग वाचण्याचा असतो, त्यातून पायरी बघितली की ती धूसर दिसते. बरंच बाहेर फिरणाऱ्यांनी त्यासाठी फक्त दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा करावा. चप्पल मागून मोकळी आणि तळवा जाड-मऊ असेल तर जमीन नीट कळत नाही. टाच धरून ठेवणारं, पातळ आणि टणक तळव्याचं, न घसरणारं पादत्राण घ्या.

१७. वडिलांना पार्किन्सन्स आहे. चालता-चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबतात.

तेव्हा हात धरून पुढे ओढू नका. पाय जागेवरच राहतात आणि धड पुढे जातं. थांबू द्या. वजन डावीकडे-उजवीकडे डोलवायला सांगा, मग 'एक, दोन, तीन' म्हणून मोठं पाऊल. जमिनीवर आडवी पट्टी चिकटवली तर तिच्यावरून पाय टाकणं सोपं जातं. दारापाशी आणि पलंगाजवळ अशा पट्ट्या कामाच्या. जागच्या जागी वळण्याऐवजी मोठ्या वळणाने चालत वळणं शिकवा. औषधाचा असर चांगला असतो त्या वेळीच व्यायाम ठेवा. कार्यक्रम मात्र फिजिओथेरपिस्टनेच आखावा, पक्षाघातानंतरही तसंच.

१८. आई एकदा पडली तेव्हापासून उठायलाच घाबरते. बळजबरी करू का?

बळजबरी नको, पण 'तू बसूनच राहा' हेही नको. हालचाल थांबली की पाय कमकुवत होतात आणि भीती खरी ठरते. एक ठरावीक काम परत मिळवायचं ठरवा, उदाहरणार्थ एकटीने न्हाणीघरापर्यंत जाणं, आणि त्याचे तुकडे करा: उठणं, उभं राहणं, पाच पावलं. प्र. १९ मधलं उठणं शिकलेल्यांची भीती लवकर कमी होते, म्हणून ते लांबणीवर टाकू नका.

१९. पडल्यावर उठायचं कसं?

लगेच नाही. मिनिटभर तसेच पडून राहा, हातपाय हलवून पाहा. खुब्यात तीव्र दुखत असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हलू नका, मदत बोलवा.

नाहीतर: कुशीवर वळा. कोपर आणि दुसऱ्या हाताच्या जोराने अर्धं उठा. मग हात-गुडघ्यांवर या आणि भक्कम खुर्चीपर्यंत रांगा. दोन्ही हात बसण्याच्या जागेवर. चांगल्या पायाचं पाऊल पुढे जमिनीवर सपाट टेकवा, हात आणि त्या पायाने जोर लावा, वळून बसा. बसल्यावरही थोडा वेळ थांबा. गुडघे टेकवत नसतील तर बसूनच मागे सरकत जिन्याच्या खालच्या पायरीशी जा आणि एकेक पायरी वर बसत उंची मिळवा.

सराव उलट क्रमाने करा: आधी खुर्ची धरून एक गुडघा टेकणं आणि उठणं, ते जमलं की दोन्ही गुडघे, मग रांगणं, शेवटी झोपणं. सोबत कुणी तरी हवंच.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. आतला रक्तस्राव उशिरा कळू शकतो.

२०. सहा महिने नेमाने व्यायाम करूनही पडतोय. काय चुकतंय?

आधी व्यायाम पुढच्या पायरीवर गेलाय का ते पाहा (प्र. ७). मग प्रत्येक पडण्याची नोंद ठेवा: वेळ, जागा, काय करत होता, पायात काय होतं, शेवटचं जेवण आणि शेवटची गोळी कधी. चार-पाच नोंदींत नमुना दिसतो. रात्री लघवीला घाईने उठताना असेल तर पलंगाशी दिवा आणि लघवीच्या तक्रारीवर उपचार हवेत. गोळीनंतर दोन तासांत असेल तर प्र. १३. दर वेळी मागच्या मागे पडत असाल तर हात उंच करून वस्तू काढण्याचा आणि मागे पाऊल टाकण्याचा सराव कमी पडतोय. मागे भिंत ठेवून तो वाढवा, पण पार्किन्सन्ससारख्या आजारांतही असं मागे पडणं दिसतं, म्हणून डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि कसं पडलो ते आठवतच नसेल, एकदम जमिनीवरच जाग आली असेल, तर तोलाचे व्यायाम बाजूला ठेवून आधी हृदयाचे ठोके आणि ईसीजी तपासून घ्या.